हळू वाजवून बघा: ड्रमकिटचे सिम्बल निवडताना

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मागच्या भागात ड्रमच्या कातड्यांवर बोललो आणि मेसेज आले सगळे सिम्बलबद्दल! त्यातला एक वाचतो, कारण बाकीच्यांचा प्रश्नही थोड्याफार फरकाने तोच आहे. "दादा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेकंडहँड किट घेतलंय. ड्रम ठीक आहेत, पण सिम्बल पातेल्यावर झाकण आपटल्यासारखे वाजतात. कॉलेजच्या बँडमध्ये रॉक वाजवतो आणि काकांच्या ग्रुपबरोबर भावगीतांच्या कार्यक्रमालाही बसतो. दोन्हीकडे चालतील असे सिम्बल सांग. पैसे एकदाच जमणार आहेत."

शेवटचं वाक्य बघा. पैसे एकदाच जमणार आहेत. म्हणजे हा सेट पुढची पाच-सात वर्षं तरी त्याच्या पाठीवर असणार. आणि "पाठीवर" हे मी शब्दशः म्हणतोय. आपल्याकडे जॅमरूममध्ये, कॉलेजच्या स्टेजवर, हॉलवर ड्रम बहुतेक तिथलेच असतात. ड्रमर घरून काय नेतो? सिम्बलची बॅग, जमलं तर स्नेअर आणि किकचं पेडल. जागा बदलते, ड्रम बदलतात, तुमचा म्हणून जो आवाज लोक ओळखतात तो सिम्बलचा. शिवाय ड्रमचं कातडं बदलता येतं, ट्यूनिंग करता येतं, आतून उशी लावता येते. सिम्बलला ट्यूनिंगची चावी नसते. जो घेतला तो तसाच वाजणार. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्याने ड्रमवर कमी आणि सिम्बलवर जास्त खर्च करावा. दुकानदार नेमकं उलटं सांगतात, कारण चकचकीत ड्रम डोळ्यांत भरतात.

आता "सगळीकडे चालणारा" म्हणजे काय? बरेच जण याचा अर्थ "सगळं मीडियम घ्या" असा लावतात. मला ते पटत नाही. माझी कसोटी एकच आहे: हळू वाजवल्यावर तो सिम्बल पूर्ण वाजतो का? जोरात तर कुठलाही पत्रा वाजतो. प्रश्न खालच्या आवाजाचा आहे. जो सिम्बल हलक्या हाताला उघडतो, त्याला जोरात वाजवून रॉक काढता येतो. जो फक्त जोरातच उघडतो, त्याला खाली आणता येत नाही. हळू मारलं तर नुसतं "टंग" होतं आणि खरा आवाज बाहेरच येत नाही.

याचं कारण वजनात आहे. पातळ सिम्बल कमी ताकदीत थरथरतो, लगेच उघडतो, लवकर विझतो आणि त्याच आकाराच्या जाड सिम्बलपेक्षा खालच्या पट्टीत वाजतो. जाड सिम्बलचा आवाज उंच पट्टीतला, मोठा आणि लांबणारा. पण त्याला जागं करायला ताकद लागते. आकार वाढला की आवाज खाली उतरतो आणि पसरतो. मधली घुमटी, म्हणजे बेल, मोठी असली की रेंगाळणारे स्वर वाढतात. एवढं गणित डोक्यात असलं की कॅटलॉगमधली निम्मी विशेषणं वाचायची गरज राहत नाही.

भावगीताच्या कार्यक्रमात हे का महत्त्वाचं आहे, ते जरा नीट सांगतो. समजा दोनशे खुर्च्यांचा हॉल आहे. गायिका, तबला, हार्मोनियम, कीबोर्ड आणि मागे तुम्ही. गायिकेचे स, श, च हे सगळे उच्चार वरच्या पट्टीत ऐकू येतात. तबल्याची चाटही तिथेच. आणि सिम्बलचा लांबलेला सूंऽऽ सुद्धा नेमका तिथेच जाऊन बसतो. तुम्ही म्हणाल, साउंडवाला कमी करेल की. तो कसा करणार? सिम्बलपुढे माइक नसला तरी गायिकेच्या माइकमधून तो आत येतोच. गायिकेचा आवाज वाढवला की त्याबरोबर तुमचा क्रॅशही वाढतो. किक कमी करता येते, गिटार कमी करता येते, पण जाड सिम्बलला मिक्सरवर बटण नाही. मग दोन कार्यक्रम झाले की आयोजक गोड आवाजात विचारतात, "पुढच्या वेळी नुसतं ऑक्टोपॅड आणता का?" आपल्याकडे वाद्यवृंदात ड्रमकिटची जागा पॅडने घेतली त्याला जागा, वाहतूक, पैसे अशी बरीच कारणं आहेत. पण पॅडचा आवाज कमी करता येतो, हेही त्यातलं एक आहेच.

धातूकडे वळतो, कारण फसगत इथे होते. स्वस्त किटबरोबर जे सिम्बल फुकट येतात ते बहुतेक पितळेचे, म्हणजे तांबं आणि जस्त. माइनलचे एचसीएस, सेबियनचे एसबीआर हेही पितळेचेच. शिकायला ठीक आहेत, पण ठोका संपला की आवाजही संपतो. त्यावरचा धातू कांस्य, म्हणजे तांबं आणि कथील. यात दोन नावं सारखी कानावर येतील: बी-८ आणि बी-२०. आकडा कथलाचा आहे. बी-८ मध्ये ८ टक्के कथील आणि ९२ टक्के तांबं, बी-२० मध्ये २० टक्के कथील आणि ८० टक्के तांबं. कथील वाढलं की धातू ठिसूळ होतो, पण आवाजात थर येतात. आपलं काशाचं ताट किंवा देवळातली घंटा टिचकी मारल्यावर का गुंजते आणि पितळेचा डबा का नाही, त्याचं उत्तरही इथेच आहे. कासं हे याच कुळातलं, भरपूर कथील असलेलं मिश्रण. टाळ नखाने वाजवून बघितला असेल तर बी-२०चा स्वभाव तुम्हाला आधीच माहीत आहे.

मात्र "बी-२० म्हणजे भारी, बी-८ म्हणजे स्वस्त" असं पाठ करू नका. पाइस्टे या स्विस कंपनीची २००२ नावाची मालिका १९७१ पासून आहे, ती बी-८चीच आहे, आणि लेड झेपेलिनचा जॉन बॉनम हे सिम्बल वाजवायचा. धातू ही फक्त सुरुवात. पुढे घडाई, हातोडीचे ठोके, वरच्या चऱ्या कशा कातल्यात, यावर सगळं ठरतं. एवढंच म्हणेन की कमी पैशांच्या पट्ट्यात बी-२०चा साधा सिम्बल बी-८च्या साध्या सिम्बलपेक्षा हळू वाजवताना जास्त साथ देतो. सेबियनची एक्सएसआर मालिका या पट्ट्यातली, बी-२०ची आहे.

जाता जाता एक गंमत. झिल्जियन आणि सेबियन यांच्यावरून भांडणारे ड्रमर तुम्ही पाहिले असतील. मुळात ते एकच घराणं आहे. झिल्जियनची परंपरा १६२३ पासूनची, तेव्हाच्या कॉन्स्टॅन्टिनोपलमधल्या आर्मेनियन कारागिराची. पुढे अमेरिकेत दोन भावांचं बिनसलं आणि धाकट्याने १९८१ मध्ये कॅनडात सेबियन काढली. नाव मुलांच्या नावांतून बनवलं: सॅली, बिली, अँडी. म्हणजे नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही. समोरचा सिम्बल वाजवा.

तर काय घ्यायचं? क्रम सांगतो. सगळ्यात आधी हाय-हॅट, चौदा इंची. गाण्यातला बहुतेक वेळ तुमचा हात तिथेच असतो. पैसे कमी पडले तर क्रॅश पुढे ढकला, हाय-हॅटमध्ये तडजोड करू नका. वरचा हलका आणि खालचा जड अशी जोडी बघा. वरचा साधारण हजार ग्रॅमच्या आसपास, खालचा त्याहून दोन-चारशे ग्रॅम जास्त. वरचा हलका असला की स्टिकच्या टोकानेही बोलतो, आणि खालचा जड असला की पायाने "चिक" स्पष्ट येतो. तबल्याबरोबर बसताना हा पायाचा चिक सोन्यासारखा असतो. हात न लावता ताल धरता येतो. चिक दबका येत असेल तर सिम्बलला दोष देण्याआधी स्टँड बघा. दोन्ही कडा एकदम टेकल्या की मध्ये हवा अडकते. खालच्या सिम्बलखाली एक छोटा स्क्रू असतो, त्याने तो किंचित तिरका करा.

दुसरी राइड, वीस इंची. खरी परीक्षा इथे आहे. जड राइडचा "टिंग टिंग" फार सुरेख आणि मोकळा असतो, दुकानात तीच आवडते. पण कडेवर मारलं तर ती उघडत नाही आणि उघडलीच तर थांबत नाही. तुम्हाला हवी अशी, जिच्यावर टोकाने वाजवल्यावर प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो, बेल स्वच्छ वाजते, आणि कडेला खांद्याने मारलं की ती क्रॅशही होते. वीस इंचीत दोन-सव्वादोन किलोच्या आसपास अशा राइड सापडतात. पावणेतीन किलोच्या पुढे गेली की क्रॅशची आशा सोडा. हो, मी दुकानात वजनकाटा घेऊन जातो. लोक हसतात, हसू देत. सिम्बलवर "मीडियम" लिहिलेलं असतं, पण एका कंपनीचं मीडियम दुसरीच्या हेवीएवढं असू शकतं. ग्रॅम सगळीकडे सारखेच. आणि बावीस इंची का नको? आवाज छानच असतो, पण ती बॅग पाठीला लावून दुचाकीवर सिंहगड रोडने या, मग बोलू.

तिसरा क्रॅश. एकच घ्यायचा असेल तर अठरा इंची पातळ घ्या, साधारण १३०० ते १५०० ग्रॅम. सोळा इंची लवकर विझतो हे खरं, पण रॉकमध्ये तो बारीक पडतो. अठरा इंची पातळ क्रॅशवर मऊ मॅलेटने हळूहळू वाढवत नेलं की कडव्याच्या आधीची लाट येते, तीही गायिकेला न दडपता. वेळ पडली तर त्यावर राइडही वाजवता येते. बस, एवढंच. स्प्लॅश, चायना, भोकंवाला सिम्बल हे सगळं नंतर. चार सिम्बलचा तयार डबा स्वस्त वाटतो, पण त्यातला एखादा तुम्ही कधीच वाजवत नाही आणि पैसे मात्र चौघांचे देता.

दुकानात गेल्यावर काय करायचं? स्वतःच्या स्टिक घेऊन जा. आपले जुने सिम्बलही न्या, कारण नवा जुन्यांबरोबर जुळतो का ते एकट्याने वाजवून कळत नाही. पहिला ठोका अगदी हलका मारा, गप्पा मारताना आवाज चढवावा लागणार नाही इतका. मग मित्राच्या हातात स्टिक द्या आणि दहा-बारा पावलं लांब जाऊन ऐका. जवळून कर्कश वाटणारा सिम्बल लांबून नेमका वाटतो, आणि जवळून मखमली वाटणारा बँडमध्ये हरवून जातो. माझं तर म्हणणं आहे, गाणाऱ्या मैत्रिणीला घेऊन जा आणि तिला तिथेच दोन ओळी गुणगुणायला सांगा. तिचे शब्द कळताहेत का? मग बिल करा.

आणि कृपा करून फोनच्या स्पीकरवर व्हिडिओ ऐकून ठरवू नका. फोनचा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो आणि छोटा वर उचलतो. म्हणजे आपण ज्या फरकासाठी एवढं बोलतोय, तोच फरक तो पुसून टाकतो. म्हणूनच आज मी एकही सिम्बल वाजवून दाखवला नाही. नमुने ऐकायचेच असतील तर बरे हेडफोन लावा, आणि एकाच माणसाने एकाच खोलीत वाजवलेले शेजारी शेजारी ऐका.

सेकंडहँड घेणार असाल तर, आणि आपल्या बजेटमध्ये चांगला बी-२० बहुतेक वेळा तसाच मिळतो, दिवसाउजेडी बघा. कडेवरून नख फिरवा, अडकलं तर थांबा. चऱ्यांच्या दिशेने केसासारखी रेघ आहे का ते उजेडासमोर धरून पाहा. मधलं भोक गोल आहे का? प्लॅस्टिकची नळी न लावता वाजवला असेल तर ते भोक लांबट होतं. कडेला छोटे टवके असले तर भाव करा. तडा असला तर नमस्कार करून निघा. "वेल्डिंग करून घेतो" म्हणणारा विकणारा भेटेल. तापवल्यावर त्या जागचा धातू तसा राहत नाही आणि आवाजही. चांगला सिम्बल असला तरी नट करकचून आवळू नका, त्याला झुलू द्या, आणि वरून सरळ न मारता कडेला तिरकं, पुसून गेल्यासारखं मारा. पातळ सिम्बल लवकर फुटतात ही तक्रार बऱ्याचदा या दोन गोष्टींमुळे असते.

राहिला प्रश्न डागांचा, तोही तीन जणांनी विचारलाय. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने घाम आणि बोटांचे ठसे पुसा, पावसाळ्यात तर नक्कीच, आणि बॅगेत ओला ठेवू नका. काळवंडला तर काळवंडू दे, काही ड्रमरना तसाच आवडतो. घरातल्या मंडळींना मात्र आधीच सांगून ठेवा. दसऱ्याच्या आधी समई, तांब्या यांच्याबरोबर तुमची राइडही चिंच आणि पावडरीने घासून लख्ख होऊन येईल. लख्ख होईल, पण वरची छपाईही जाईल आणि चऱ्यांमध्ये पावडर बसेल ती वेगळीच.

पुढच्या भागात स्नेअरच्या खालची जाळी. अपार्टमेंटमध्ये सराव कसा करायचा हे विचारणाऱ्यांनो, तुमचाही नंबर येतोय. तोपर्यंत भेटू, काळजी घ्या.