गाडीतला मुक्काम आणि थंडी



सोलापुरात बसून थंडीवर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. उन्हाळ्यात ४३-४४ अंश मुकाट सोसणारं आपलं गाव डिसेंबरात पारा १५ वर आला, की कानटोप्या शोधायला लागतं. पण हल्ली आपल्याकडची हौशी मंडळी हिवाळ्यात गाडीतच मुक्काम करायला निघतात. कुणी व्हॅनची मागची सीट काढून गादी टाकतं, कुणी टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बाकडी ठोकून घेतं. राज्य सरकारनंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीत कायमचा फेरफार करणार असाल, तर आरटीओची परवानगी आधी घ्या, हे जाता जाता सांगून ठेवतो.

या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, हीटर कुठला घ्यावा? मी म्हणतो, तो शेवटी विचारा. झोपलेल्या माणसाच्या अंगातून साधारण ७० ते ८० वॉट उष्णता बाहेर पडत असते. चौघं झोपलात तर ३०० वॉटच्या आसपास झाली. एवढी ऊब आपण सोबत घेऊनच निघतो. ती पत्र्यातून, काचांतून आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं त्या जमिनीतून निसटते. लोक अंगावर रगांची चळत रचतात आणि खाली दोन इंची गादी टाकतात. आपल्या वजनानं गादी दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मध्यरात्री पाठ गार पडते.

हे आपल्याच जिल्ह्यातल्या फडांवर आलेल्या ऊसतोड कामगारांना कुणी शिकवावं लागत नाही. कोपीत अंथरूण टाकण्याआधी ते खाली पाचट पसरतात. गाडीत पाचट नेता येणार नाही. पण पत्र्यावर प्लायवूड, त्यावर जाड फोमची चटई आणि त्यावर घोंगडी, एवढं जमतं. घोंगडी मात्र खरी हवी, दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली. नवी असताना टोचते, हे कबूल. पण लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही. कार्तिकीला पंढरपूरला जाणारच असाल, तर तिथं बघून, हाताळून घ्या.

आता एक बोलणं गावाला आवडणार नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सोलापुरी चादर अशा थंडीत एकटी पुरत नाही. ती सुती आहे. दमट झाली की गार लागते. तिला दुसरं काम द्या. गाडीत सगळ्यात मोठी काच ड्रायव्हरच्या पुढ्यात असते. सीटच्या मागे वरपासून खालपर्यंत दुहेरी चादर टांगली, की उबदार ठेवायची जागा कमी होते आणि त्या काचेचा गारठा पुढेच अडतो. जॅकार्डवरचा मोर बघत झोपायला मिळतं, ते वेगळंच.

राहिलेल्या काचांना आतून फोमचे तुकडे बसवा, पण एक फट उघडी ठेवा. यावर घरोघरी भांडणं होतात. माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून पेलाभर तरी पाणी हवेत सोडतो. ते गार पत्र्यावर जमतं आणि पहाटे अंथरुणावर ठिबकतं. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या असल्या, की ही ओल निघून जाते. थोडी ऊब जाते खरी. पण कोरडं अंथरूण ती भरून काढतं.

आणि कोळशाची शेगडी गाडीत नको म्हणजे नकोच. विझत आलेली नको, पाच मिनिटांपुरतीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं चिकटतो. माणसाला आधी गुंगी येते, मग जाग येत नाही. उत्तरेतून दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गॅसवर चहा करायचा तर दार उघडं ठेवून, आणि इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही.

गाडी कुठं उभी करता, यावरही बरंच अवलंबून आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, त्या रात्री वर बाजारात तेवढी थंडी नसते. गार हवा जड असते, ती उतारानं खाली येऊन सखल जागी साठते. तळ्याची शोभा सकाळी बघा, रात्री गाडी थोडी चढावर लावा.

एवढं करूनही हिमाचल-लडाखकडे जायचं असेल, तर आता हीटरचं बोलू. जळणासाठी बाहेरची हवा घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर चालेल. तो जाणकाराकडूनच बसवून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत लावा. पण कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. मग हीटरही बंद आणि इंजिनही. म्हणूनच इंडियन ऑइलनं २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. तेव्हा सपाटीवरच्या पंपावर टाकी काठोकाठ भरून वर जाऊ नका. वर पोहोचण्यापुरतं घ्या आणि बाकीची टाकी तिकडच्या पंपावर भरा.