दुसऱ्या आसनावरचा शिक्षक
(श्रींच्या वार्षिक उत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवालयाच्या सभामंडपात विमानविद्येची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरांतून पूर्वी मुले वैद्यक, वकिली किंवा अध्यापन या व्यवसायांकडे वळत, तशाच घरांतील मुले-मुली आज वैमानिक होण्यासाठी कोणी गोंदियाला, कोणी उत्तर प्रदेशातील फुरसतगंजला, तर कोणी थेट अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात जात आहेत. या शिक्षणासाठी आईवडील आयुष्यभराची पुंजी मोडतात, प्रसंगी कर्जही काढतात. पुढे बाहीवर सोनेरी पट्टे ल्यालेला वैमानिक सर्वांना दिसतो. त्याला पहिल्यांदा विमान उतरविण्यास शिकविणारा मात्र कोणाच्याच नजरेस पडत नाही. हा शिक्षक पुष्कळदा विशी-पंचविशीतला, विद्यार्थ्याहून चारदोन वर्षांनीच मोठा आणि स्वतः या कामात नुकताच पडलेला असतो. त्याच्या कामाचे मोल ओळखावे, हा या विवेचनाचा हेतू आहे.

विमान चालविता येणे आणि ते दुसऱ्याला शिकविता येणे या दोन निराळ्या विद्या आहेत, हे जगाला कळावयास पहिले महायुद्ध घडावे लागले. त्या काळी लढून थकलेल्या वैमानिकाला विश्रांती म्हणून शिक्षकाचे काम देत. त्याला विद्यार्थ्याची भीती वाटे आणि कसे शिकवावे हे त्याला कोणी सांगितलेले नसे. १९१६ साली फ्रान्सच्या आघाडीवर ६० क्रमांकाच्या ब्रिटिश स्क्वाड्रनचे नेतृत्व करणाऱ्या रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने, आपल्याकडे येणारे नवे वैमानिक अर्धवट शिकलेले असतात, अशी तक्रार वरिष्ठांकडे केली. वरिष्ठांनी त्यालाच इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे शिक्षणाचे काम सोपविले. १९१७ मध्ये तेथे त्याने जी पद्धत घालून दिली, तिची दोन सूत्रे आजही टिकून आहेत. पहिले हे की, शिक्षकालाही शिकविण्याचे शिक्षण हवे. दुसरे त्याहून धाडसी होते. विद्यार्थ्याला संकटापासून दूर ठेवावयाचे नाही. शिक्षक शेजारी असतानाच त्याला संकटात न्यावयाचे आणि त्यातून बाहेर पडण्याची वाट दाखवावयाची. इंजिनाच्या गर्जनेत शिक्षकाचा शब्द विद्यार्थ्याच्या कानी पडावा म्हणून जी बोलण्याची नळी वापरीत, तिला ‘गॉस्पोर्ट नळी’ हेच नाव पडले.

आता आजच्या काळाकडे वळू. अमेरिकेत व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी साधारणपणे २५० तासांचे उड्डाण लागते. तो हाती आल्यावर अध्यापनशास्त्राची आणि विमानविद्येची अशा दोन लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक, तसेच गिरकी घेत कोसळणारे विमान सावरण्याचे शिक्षण, एवढे पुरे केले की तरुण प्रशिक्षक होतो. आजवर तो डाव्या आसनावर बसत आला. आता त्याची जागा उजवीकडे येते. उजवा हात जे करीत असे ते डाव्याने आणि डावा जे करीत असे ते उजव्याने करावयाचे. शिवाय हे सारे करता करता बोलावयाचे, आणि तेही भेदरलेल्या माणसाला समजेल अशा शब्दांत.

फ्लॉरिडातील गजबजलेल्या शाळेत त्याचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो, कारण उन्हाळ्यात दुपार कलताच मेघगर्जनेसह वादळे उठतात आणि लहान विमाने जमिनीवर खिळून राहतात. एकामागून एक विद्यार्थी येतात. विमान बहुधा चार आसनांचे सेस्ना १७२ असते. धावपट्टीवरून उठावयाचे, सुमारे १,००० फुटांवर आयताकार फेरी घालून पुन्हा उतरावयाचे, चाके टेकताच पुन्हा उठावयाचे. त्याच फेरीत आणखी चारपाच विमाने असतात आणि रेडिओवर एकाचे बोलणे संपते न संपते तोच दुसऱ्याचे सुरू होते. शिक्षकाचा एक डोळा आकाशावर, दुसरा वेगदर्शकावर. आणि जणू तिसरा डोळा असावा तसे त्याचे लक्ष विद्यार्थ्याच्या हातापायांवर. एक विद्यार्थी हातातील चाक गच्च आवळून धरतो, दुसऱ्याला पायांचा विसर पडतो, तिसरा भीतीने जमिनीकडे पाहातच नाही. कायद्याने शिक्षकाला २४ तासांत ८ तासांहून अधिक काळ हवेत शिकविता येत नाही. ही मर्यादा अनुभवातून आलेली आहे, कारण दमलेल्या शिक्षकाचे लक्ष ढळले तर त्याची किंमत दोघांना मोजावी लागते.

सर्वांत कठीण प्रसंग उतरण्याचा. ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाने विमान धावपट्टीकडे येते. जमीन काही हातांवर राहिली की नाक अलगद वर उचलावयाचे. विद्यार्थी ते लवकर उचलतो, उशिरा उचलतो किंवा एकदम ओढतो. हस्तक्षेप करावा की थांबावे, हे शिक्षकाला क्षणार्धात ठरवावे लागते. हात लवकर घातला तर विद्यार्थी काहीच शिकत नाही. उशिरा घातला तर पुढचे चाक मोडते, कधी त्याहून अधिक काही घडते. विमान कोणाच्या हाती आहे याविषयी संशय राहू नये म्हणून शब्द ठरलेले आहेत. ‘नियंत्रण माझ्याकडे’ असे शिक्षक म्हणतो, ‘नियंत्रण तुमच्याकडे’ असे विद्यार्थी उत्तरतो आणि शिक्षक पहिले वाक्य पुन्हा उच्चारतो. त्रिवार उच्चारानेच हा व्यवहार पुरा होतो.

नवख्या शिक्षकाला मोह पडतो तो येथेच. भीतीपोटी तो नियंत्रणांवर आपला हात हलकेच ठेवून देतो. विमान सुरेख उतरते. विद्यार्थ्याला वाटते, आपणच उतरविले. ही दोघांचीही फसवणूक होय. गावच्या विहिरीत पोहावयास शिकलेल्या वडीलधाऱ्यांना याचे मर्म सहज कळेल. पाठीला सुका भोपळा बांधून मुलाला पाण्यात सोडीत. भोपळा बांधणे सोपे होते. तो कोणत्या दिवशी सोडावयाचा, हे ओळखण्यातच शिकविणाऱ्याची खरी परीक्षा होती.

विमानविद्येत तो दिवस पहिल्या एकट्याच्या उड्डाणाचा. विद्यार्थ्याची लेखी चाचणी घेऊन आणि आवश्यक कसरती करवून घेऊन शिक्षक त्याच्या नोंदवहीत सहीनिशी अनुमती लिहितो. ती ९० दिवस चालते. मग तो विमानातून उतरतो. एका माणसाचे वजन कमी झालेले विमान नेहमीपेक्षा चटकन वर चढते, आणि जमिनीवर उभ्या राहिलेल्या शिक्षकाच्या हाती पाहाण्यावाचून काही उरत नाही. परंतु याहूनही जड दिवस निराळा असतो. विद्यार्थ्याचे पैसे संपत आलेले असतात, घरून विचारणा होत असते, बरोबरीचे पुढे गेलेले असतात. अशा वेळी शिक्षकाला ‘आज नाही’ असे म्हणावे लागते. पुष्कळ शाळांत त्याचे स्वतःचे वेतनही उड्डाणाच्या तासांवर असते आणि पावसाच्या दिवशी खिसा रिकामा राहातो. तरीही ती सही त्याने रोखून धरली, तर त्या दिवशी तो खरा शिक्षक झाला असे समजावे.

एक विचार येथे मुद्दाम मांडावयास हवा. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोल्गन एअर या कंपनीचे प्रवासी विमान कोसळले. विमानातील ४९ आणि जमिनीवरील १ अशा ५० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून प्रवासी विमानकंपनीत सहवैमानिक होण्यासाठीही साधारणपणे १,५०० तासांची अट लागू झाली. ठरावीक महाविद्यालयांच्या पदवीधरांना आणि सैन्यातून आलेल्यांना त्यात काही सवलत आहे. २५० तासांवरून १,५०० तासांवर जावयाचे कसे? बहुतेकांनी शिकविण्याचा मार्ग धरला. साहजिकच प्रशिक्षकाचे पद हे अनेकांना पुढच्या गाडीची वाट पाहाण्याचे ठिकाण वाटू लागले. तास भरले की शिक्षक निघून जातो आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला दुसरा, मग तिसरा शिक्षक येतो.

पण त्या अपघाताच्या चौकशीतून काय निघाले, ते पाहा. त्या विमानाच्या मुख्य वैमानिकाचे ३,३०० हून अधिक आणि सहवैमानिकाचे २,२०० हून अधिक तास झालेले होते. तासांची उणीव नव्हती. वेग घटल्याची सूचना देण्यासाठी नियंत्रण-दांडी थरथरू लागली, तेव्हा नाक खाली करावयाचे सोडून ते वर ओढले गेले. विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर गेले की पंखांवरची हवा सुटते आणि पंख विमानाला उचलून धरीत नाहीत. याला ‘स्टॉल’ म्हणतात. अशा वेळी मनुष्याची सहजप्रवृत्ती मागे ओढण्याची असते. पुढे ढकलणे हे शिकावे लागते, आणि हा धडा विद्यार्थ्याला पहिल्या काही तासांतच, पुष्कळदा नव्या, अननुभवी प्रशिक्षकाकडूनच मिळतो. अमेरिकन विमानवाहतूक प्रशासनाच्या शिक्षकांसाठीच्या पुस्तिकेत ‘प्राथम्याचा नियम’ सांगितला आहे. जे प्रथम शिकले जाते ते खोल रुजते, आणि चुकीचे रुजले तर ते उपटून काढणे नव्याने शिकविण्याहून कठीण असते. एका दुर्घटनेचे खापर कोणाच्या पहिल्या शिक्षकावर फोडणे अन्यायाचे होईल. पण पायरीवरचे सर्वांत खालचे पद समजून ज्याच्याकडे दुर्लक्ष होते, त्याच्याच हातून पायाचा दगड बसविला जातो, एवढे यावरून निश्चित दिसते.

म्हणून शिकविण्याचे तास म्हणजे केवळ मोजून संपवावयाचे तास नव्हेत. जो मनापासून शिकवितो, त्याला चुकण्याचे शेकडो प्रकार शेजारी बसून पाहावयास मिळतात आणि त्यांतून त्याचा स्वतःचा हात घडतो. समोरचा विद्यार्थी हे आपले तास वाढविण्याचे साधन आहे असे जो मानतो, तो वर्षअखेरीस नोंदवही भरूनही रिकामाच राहातो.

आपल्या देशात १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना १ क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. आज व्यावसायिक परवान्यासाठी भारतात २०० तासांचे उड्डाण लागते. मुलाला किंवा मुलीला या विद्येसाठी धाडताना पालक सहसा विचारतात, शाळेकडे विमाने किती आणि शिक्षण किती महिन्यांत पुरे होईल. हे प्रश्न योग्यच आहेत. त्यांच्या जोडीला आणखी तीन विचारावेत. एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? शिक्षण मध्येच सोडून शिक्षक गेला तर पुढची व्यवस्था काय? आणि ‘आज नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य त्या तरुण शिक्षकाला आहे काय? ज्या शाळेत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःशंक होकारार्थी मिळेल, तेथे महिने थोडे अधिक लागले तरी चिंता करू नये.

आणि या समाजातील जे तरुण उद्या स्वतः त्या उजव्या आसनावर बसतील, त्यांनी ते आसन लहान मानू नये. श्रींनी त्यांच्या हाताला स्थैर्य, जिभेला संयम आणि योग्य क्षणी हात काढून घेण्याचे धैर्य द्यावे, हीच या उत्सवप्रसंगी प्रार्थना.