घरावर बालंट येते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण कुणा विदुषीला बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले आहे. मी भाषणे करणारी बाई नव्हे, मंडळाच्या फराळाचा हिशेब ठेवणारी. तेव्हा चुकलेमाकले पोटात घालावे. विषयही समारंभाला शोभणारा नाही. पण जे आम्ही घरात लपवून ठेवले, ते आज तुमच्यापुढे बोलायचे, असे ठरवूनच मी आले आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्यास शिकत होता. 2022 च्या पावसाळ्यात ओळखीच्या एका मुलाने "दोन दिवस ठेव, गावाला जाऊन येतो," असे म्हणून एक गोणी त्याच्या खोलीतल्या माळ्यावर टाकली. तिसऱ्या दिवशी पहाटे पोलीस आले. गोणीत गांजा निघाला. पंचनाम्यात वजन पडले 21 किलो.

बहिणीचा मला फोन आला. ती नुसती रडत होती. मी थोरली, मी तिला सांगितले, "कुठे बोलू नकोस. बभ्रा होईल." भगिनींनो, त्या एका वाक्याची खंत मला आजही आहे.

दुसऱ्या दिवशी मुलाला न्यायालयापुढे उभे केले. तिथे त्याला विचारण्यात आले, "वकील दिला आहे का? नसेल तर सरकारी खर्चाने देता येईल." तो म्हणाला, "नको, घरचे बघतील." आणि घरचे आम्ही, दाराला कडी लावून बसलो होतो! "वर माझी ओळख आहे, मिटवून देतो," असे म्हणणारा एक गृहस्थ तेवढा आमच्याकडे येत होता. भावजींनी त्याला 40,000 रुपये दिले. ते गेले, आणि त्यापायी अकरा दिवसही गेले.

बाराव्या दिवशी बहिणीच्या शेजारच्या काकूंनी आम्हांला भानावर आणले. त्या आम्हांला जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात घेऊन गेल्या. तिथून एक वकीलबाई मिळाल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या असतील. मी त्यांना अडखळत विचारले, "बाई, पण समजा, त्याने खरेच केले असेल तर?" त्या शांतपणे म्हणाल्या, "तर न्यायालय शिक्षा देईल. पण किती द्यायची, हे ठरतानाही त्याच्या बाजूने बोलायला कुणीतरी हवेच ना?"

मग त्यांनी आम्हांला कायदा समजावला. मला उमगला तेवढा सांगते. अमली पदार्थांचा हा कायदा 1985 सालचा. त्यात सगळा भर वजनावर. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण. शिक्षा एक वर्षापर्यंत. वीस किलोच्या वर गेला की व्यावसायिक प्रमाण. शिक्षा दहा वर्षांपासून वीस वर्षांपर्यंत आणि दंड निदान एक लाख. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. व्यावसायिक प्रमाणात जामीनही सहजी मिळत नाही. आरोपी दोषी नसावा आणि सुटल्यावर गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. शिवाय वस्तू आपल्या ताब्यात होती हे सिद्ध झाले, की "मला ठाऊक नव्हते" हे पटवून देण्याचा भार आपल्यावर येतो.

वकीलबाईंनी पंचनामा ओळ न् ओळ वाचला. वजन गोणीसकट केलेले होते. पाने, देठ, शेंडे सारे एकत्रच तोललेले. कायद्याने गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलाफळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने आणि बी त्यात धरत नाहीत. तेव्हा खरे वजन वीस किलोच्या वर होते का, हाच प्रश्न त्यांनी न्यायालयापुढे ठेवला. सात महिन्यांनी मुलाला जामीन मिळाला. खटला अजून चालू आहे. निकाल काय लागेल, ते मी आज सांगू शकत नाही. पण तारखेला तो एकटा उभा राहत नाही.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ न येवो. आलीच, तर चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा.

पहिली : अटक का केली, हे जाणण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क घटनेच्या 22 व्या कलमाने दिला आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायालयापुढे उभे केलेच पाहिजे. त्या पहिल्या दिवशीच वकील तिथे हजर हवा.

दुसरी : पैसे नाहीत म्हणून अडू नका. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्या माणसाला मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो. 15100 या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. ही भीक नव्हे, हक्क आहे.

तिसरी : न वाचलेल्या कागदावर सही करू नका. अमली पदार्थांच्या तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली तोफान सिंग खटल्यात ठरवले आहे. तरी भीतीपोटी काहीबाही लिहून देऊ नये. अंगझडती व्हायची असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर ती करून घ्यावी, असे मागता येते. आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची असते.

चौथी : "मिटवून देतो" म्हणणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

आणि मुलांना एवढे बजावून ठेवा, की दुसऱ्याची बंद पिशवी, मग ती जिवलग मित्राची का असेना, आत काय आहे ते पाहिल्यावाचून ठेवून घ्यायची नाही.

शेवटी एक मनातले बोलते. त्या संक्रांतीला माझ्या बहिणीला तिच्या आळीत एकाही घरून हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही. नुसत्या त्या शेजारच्या काकू आल्या आणि हात धरून तिला आपल्या घरी घेऊन गेल्या. मुलगा दोषी की निर्दोष, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. ते ठरवायला न्यायालय आहे. आपल्या आळीत कुणाच्या दारी पोलीस आले, तर आपण खिडकीआडून पाहत न राहता त्या घरी जावे, आणि आधी "वकील पाहिला का?" असे विचारावे. एवढे आपल्या मंडळाने मनावर घेतले, तर माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.