शंका असली, तरी प्रार्थना चालते



चोविसाव्या वर्षी चाकणचं कंत्राट संपलं आणि दहावीतला ‘पुढे काय?’ हा प्रश्न पुन्हा पिंपळे गुरवच्या माझ्या खोलीत येऊन बसला. रविवारी चर्चला जायचो, पण देवाकडे मागायचं काय, तेच कळेना.

तेव्हा पंडिता रमाबाईंनी धीर दिला. आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, 1882 मध्ये पती. पदरी लहानगी मनोरमा. 1883 मध्ये, पंचविशीत, त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. तरी प्रश्न विचारणं सोडलं नाही. केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं.

श्रद्धेनं मला नोकरी दिली नाही; रोज सकाळी उठून नवा अर्ज लिहायचं बळ दिलं. आपल्या मुलांना एवढंच सांगूया: शंका असली, तरी प्रार्थना चालते.