आलापल्ली : सागाच्या सावलींतील एक गांव



आलापल्लीचें नांव निघालें म्हणजे नागपूर-पुण्याकडील मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो हा, कीं तेथें पाहण्यासारखें असें काय आहे? या प्रश्नाचें उत्तर देणें मला नेहमीं जड जातें. तेथें किल्ला नाहीं, लेणीं नाहींत, दूरदूरच्या यात्रेकरूंची रीघ लागावी असें देवस्थान नाहीं, आणि थंड हवेचें नांवच नको. तरीही शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना ज्या थोड्या खेड्यांची माहिती असावीच असें मला वाटतें, त्यांत आलापल्लीचा क्रम बराच वर लागेल. याचें कारण अगदीं घरगुती आहे. आपल्या घराची चौकट, वडिलांचें टेबल, आजीचा पलंग, यांपैकीं एखादी तरी वस्तु बाजारांत ज्याला बल्लारशाचें सागवान म्हणतात त्याची असण्याचा बराच संभव आहे. तें सागवान बल्लारशाला पिकत नाहीं. बल्लारशा हें रेल्वेचें ठाणें. झाड उभें राहतें तें आलापल्लीकडच्या रानांत. माल विकला गेला त्या ठिकाणाचें नांव त्याला चिकटलें, आणि जन्मभूमि मागें राहिली.

चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी असें करीत आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली कीं प्रदेश पालटतो. शेतें विरळ होतात आणि चपराळ्याचें अभयारण्य लागतें. येथेंच वर्धा व वैनगंगा यांचा संगम होऊन पुढील प्रवाहाला प्राणहिता हें नांव मिळतें. त्यानंतर रस्ता बराच वेळ झाडींतून जातो आणि आलापल्लीला येऊन फुटतो. एक फांटा एटापल्लीकडे, एक भामरागडकडे, एक दक्षिणेस सिरोंच्याकडे आणि एक जवळच असलेल्या अहेरीकडे. अहेरी हें तालुक्याचें व जुन्या जमीनदारीचें गांव. याच मुलुखांत बाबुराव शेडमाके यांनीं इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं त्यांना चंद्रपूर येथें फांशी देण्यांत आली. मान व इतिहास अहेरीकडे. आलापल्लीकडे लांकूड, मोटारी आणि चौरस्ता. मी या भागांत मास्तरकीला आलों तेव्हां हा सर्व प्रदेश चंद्रपूर जिल्ह्यांतच होता. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं निराळा झाला.

गांवाच्या नांवांतील 'पल्ली' हा शब्द तेलुगू वळणाचा असून त्याचा अर्थ खेडें असा आहे. एटापल्ली, नागेपल्ली, मोलमपल्ली हीं त्याचींच भावंडें. बाजाराच्या दिवशीं चौकांत घटकाभर उभें राहिलें तर मराठी, तेलुगू, गोंडी आणि माडिया या चार भाषा सहज कानीं पडतात, आणि मुलचेऱ्याकडून कोणी आला असल्यास पांचवी बंगालीही. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती त्या बाजूला आहेत. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला येथें पुस्तक उघडावें लागणार नाहीं. माझ्या वर्गांत मात्र हीच गोष्ट रोजची अडचण होऊन बसे. पाठ्यपुस्तक मराठी, मुलाची घरची बोली माडिया, आणि दुकानदाराशीं तो बोले तेलुगू. पहिलीचें मूल गप्प बसलें म्हणजे त्याला येत नाहीं असें समजूं नये, तें अजून भाषांतर करीत आहे असें समजावें, हें मला तेथील मुलांनींच शिकविलें.

आतां लांकडाकडे वळूं. आलापल्लीचा सारा थाट वनखात्याभोंवतीं उभारलेला आहे. कचेऱ्या, कर्मचाऱ्यांचीं घरें, लांकूड चिरण्याची गिरणी आणि डेपो. जंगलाचे तोडीसाठीं भाग पाडलेले असतात, त्यांना कूप म्हणतात. कोणत्या वर्षीं कोणता कूप तोडावयाचा हें कार्ययोजनेंत आधींच ठरलेलें असतें. तोडलेले ओंडके डेपोंत आणून लांबी व घेर पाहून त्यांच्या राशी लावतात. प्रत्येकावर क्रमांक पडतो, हातोड्याची मुद्रा उमटते, आणि मग लिलाव. दूरदूरचे व्यापारी ओंडक्याच्या कापल्या तोंडाशीं वांकून निरखीत असतात. पोकळी, चीर, गांठ, जें काय उणें असेल तें तेथेंच कळतें. सागाच्या गाभ्यांत एक प्रकारचें तेल असतें, त्यामुळें त्याला वाळवी सहसा शिवत नाहीं, पाण्यानें तो लौकर कुजत नाहीं, आणि म्हणूनच एके काळीं जहाजें बांधणारे त्याच्यासाठीं हपापलेले असत. पावसाची सर येऊन गेल्यावर डेपोवर जो वास दरवळतो तो कोऱ्या चामड्याच्या वासाशीं जुळता आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं २०२३ च्या मार्चमध्यें बल्लारपूरहून जें सागवान समारंभपूर्वक रवाना झालें, तें याच जंगलांतलें. त्या दिवसांत आलापल्लीचें नांव वर्तमानपत्रांत पुष्कळ वेळां छापून आलें. तें छापून येण्याचे प्रसंग एरवीं फारसे सुखाचे नसत. १९८० नंतर नक्षल चळवळ या जंगलांत शिरली आणि पुढील कित्येक वर्षें बाहेरचा मनुष्य येथें यावयास कचरत असे.

परंतु सागाचा पैसा हा सरकारचा आणि व्यापाऱ्याचा. भोंवतालच्या लहान गांवांतील कुटुंबाला साग फक्त मजुरी देतो. त्याचें वर्ष चालतें तें भातावर, आणि भात संपत आला कीं मोहावर व तेंदूवर. मोहाचें फूल रात्रीं व पहाटे गळतें. मार्च-एप्रिलमध्यें दिवस उगवण्यापूर्वीं बायकामुलें टोपल्या घेऊन आपापल्या झाडाखालीं हजर असतात, आणि ऊन चढावयाच्या आंत जमीन वेंचून स्वच्छ करतात. फुलें नीट दिसावीं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची चाल आहे. हा जाळ कधीं कधीं पसरून जंगलांत वणवा होतो. वनरक्षक आणि गांवकरी यांची दरवर्षींची बोलाचाली बहुधा याच कारणावरून. फुलें वाळवून ठेवतात, खातात, विकतात, आणि दारूही गाळतात. दारूचें तेवढें लक्षांत ठेवून बाकी सर्व विसरणें ही शहरी मंडळींची खोड आहे.

मोह आटोपतो न आटोपतो तों तेंदूचा हंगाम उभा राहतो. विडीसाठीं लागणारें पान तें हेंच. कोंवळीं पानें तोडून घरीं आणावयाचीं, संध्याकाळीं सर्व घरानें मिळून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे, आणि ते फळीवर, म्हणजे गोळा करण्याच्या ठिकाणीं, मोजून द्यावयाचे. फळीवर पुड्यांच्या रांगा उन्हांत मांडलेल्या असतात आणि त्या उलटाव्या लागतात. हंगाम थोड्या दिवसांचा, पण रोख पैसा हातीं येण्याचा असा दुसरा हंगाम नाहीं. वह्या-पुस्तकें, लग्नें, घराचीं कवेलू, सर्व कांहीं या पानावर. एकदां अवकाळी पाऊस आला कीं फळीवरचा माल काळा पडतो. १९६९ च्या कायद्यानें या पानांचा व्यापार सरकारनें हातीं घेतला होता. पुढें १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा झाला, आणि आतां जिल्ह्यांतील पुष्कळ ग्रामसभा आपलीं पानें आपणच विकतात. याच जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवाला २००९ मध्यें सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्यें त्या गांवानें स्वतःचा बांबू स्वतः विकला. ज्या गांवांतील वडीलधाऱ्यांनीं काठी तोडली म्हणून दंड भरला होता, त्याच गांवांतील मुलें आज भाव ठरविण्याच्या सभेंत बसतात. माझ्या मतें या मुलुखांत गेल्या पन्नास वर्षांत याहून मोठा पालट झालेला नाहीं.

एकाच वस्तूच्या नांवावर मोठें झालेल्या गांवाचें पुढें काय होतें, याचें एक उदाहरण थेट पृथ्वीच्या उत्तर टोकाकडील आहे. आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावर सिग्लुफ्योर्दुर नांवाचें एक चिमुकलें गांव आहे. तीन बाजूंस डोंगर, एका बाजूस समुद्राची चिंचोळी खाडी. १९०३ मध्यें नॉर्वेचे कोळी तेथें हेरिंग मासा खारवावयास आले आणि गांव पाहतां पाहतां देशाच्या तिजोरीचा आधार झालें. हंगामांत धक्क्यावर शेंकडों मुली रात्रंदिवस मासे खारवीत. पुढें मासेमारी बेसुमार झाली, समुद्राचें पाणीही थंडावलें, आणि १९६८-६९ च्या सुमारास हेरिंग त्या किनाऱ्यावरून नाहींसा झाला. धक्के ओस पडले. आज तेथें त्या जुन्या उद्योगाचें सुंदर संग्रहालय आहे, प्रवासी तें पाहावयास जातात, आणि गांव तग धरून आहे. त्याच देशाची दुसरी गोष्ट आपल्या विषयाला अधिक लागू पडते. नवव्या शतकांत वस्ती झाली तेव्हां तेथें बर्चवृक्षांचीं वनें पुष्कळ होतीं. सरपणासाठीं, कोळशासाठीं व चराईपायीं तीं जवळजवळ नाहींशीं झालीं, आणि मग किनाऱ्यावरील लोक सैबेरियाच्या नद्यांतून वाहत आलेल्या ओंडक्यांची वाट पाहूं लागले. मासा दृष्टीआड असतो, तो किती उरला हें कळत नाहीं. साग मात्र डोळ्यांपुढें उभा असतो आणि मोजतां येतो. म्हणूनच आलापल्लीच्या लोकांजवळ तशी सबब नाहीं, आणि आपल्याजवळही नाहीं.

मोजावयाचें कशाशीं, हें माप मात्र हवें. तें माप सुदैवानें जपून ठेवलेलें आहे. सिरोंच्याच्या वाटेवर, रस्ता सोडून आंत गेलें कीं, सुमारें सहा हेक्टरांचा एक तुकडा १९५३ पासून नैसर्गिक अवस्थेंत राखलेला आहे. त्याला वनवैभव म्हणतात, आणि २०१४ मध्यें त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रांतील हें असें पहिलें स्थळ. सहा हेक्टर म्हणजे पंधरा एकर, एखाद्या सुखवस्तु शेतकऱ्याची जमीन. पण आंत पाऊल टाकतांच क्षेत्रफळाचा विसर पडतो. सागाचीं खोडें सरळ वर गेलेलीं, पहिली फांदी पाहावयाची तर टोपी सांवरावी लागते. खालीं वेली, बांबू, ओलावा आणि कोळ्यांचीं जाळीं. या जंगलांत उडणारी खार आहे. ती दिवसा क्वचित्‌च दिसते. एखादें कोंवळें सागाचें पान तळहातावर चोळल्यास हात तांबडा होतो. मुलांना हा खेळ फार आवडतो. अर्थात् राखलेल्या तुकड्यांत तो करूं नये, रस्त्याकडेच्या झाडावर करावा.

तेथें एक गोष्ट लक्ष देऊन पाहण्याजोगी आहे. साग हें उजेडाचें भुकेलें झाड. म्हाताऱ्या झाडांच्या दाट सावलींत त्याचें रोप नीट वाढत नाहीं. एखादा वृद्ध साग वादळांत कोसळला म्हणजे त्याच्या जागीं सागच येईल असा भरंवसा नसतो. सावली सोसणारीं दुसरीं झाडें आधीं जागा धरतात. म्हणजे कुऱ्हाड लावली नाहीं एवढ्यानें साग टिकतो असें नाहीं, आणि नुसतीं सागाचीं रोपें रांगेनें लावल्यानें असें जंगलही होत नाहीं. लावलेला साग आणि वनवैभवांतील साग एकाच दिवशीं पाहिला कीं हा भेद व्याख्यानावांचून समजतो.

जवळच कमलापूर येथें वनखात्याचा हत्तींचा तळ आहे. पूर्वीं ओंडके ओढण्याचें काम हत्ती करीत. यंत्रें आलीं आणि त्यांचें काम संपलें, हत्ती मात्र राहिले. २०२२ मध्यें येथील हत्ती गुजरातेंत नेण्याचा बेत निघाला तेव्हां आसपासच्या लोकांनीं जोराचा विरोध केला. या हत्तींपासून त्या लोकांना पैशाची प्राप्ति फारशी नव्हती. ते आपले आहेत, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

ओंडके आतां मोटारींतून जातात, आणि त्याच रस्त्यांवर दुसरा माल आला आहे. एटापल्ली तालुक्यांतील सूरजागडच्या डोंगरांत लोहखनिज आहे. २०२१ पासून तें मोठ्या प्रमाणावर निघूं लागलें आणि अवजड ट्रकांची रांग एटापल्लीहून आलापल्लीवरून आष्टीकडे जाऊं लागली. रस्ते उखडले, धूळ घरांत शिरली, अपघात झाले, लोक रस्त्यावर बसले. उलटपक्षीं, ज्या तरुणाला मीं बाराखडी शिकविली तो याच खनिजाच्या कामावर पगार घेतो, आणि त्याचा बाप त्याच धुळीबद्दल मजपाशीं तक्रार करतो. दोघेही खरें बोलतात. सूरजागडच्या डोंगरावर ठाकुरदेवाची यात्रा दर जानेवारींत भरते, तेथें हे दोघेही जातात.

जाण्याची इच्छा असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. साग पावसाळ्यांत फुलतो, आणि त्या पांढुरक्या तुऱ्यांसाठीं कोणाला जुलै-ऑगस्टमध्यें जावेंसें वाटलें तर मी अडविणार नाहीं. मात्र पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा मार्ग बंद पडतो, आणि मग त्याअलीकडे हेमलकशास १९७३ पासून चाललेला लोकबिरादरी प्रकल्प पाहण्याचा बेतही फसण्याचा संभव असतो. वनवैभवास जाण्यापूर्वीं आलापल्लीच्या वन-कचेरींत चौकशी करावी. सकाळीं आधीं तें जंगल पाहावें आणि मग परत येतांना डेपोवर थांबावें, हा क्रम उलटूं नये. आणि मार्च-एप्रिलमध्यें गेलांत, वाटेंत मोहाच्या झाडाखालीं कोणी बाई टोपली घेऊन वेंचीत असली, तर मोटार थोडी दूर उभी करा. फुलें चाकाखालीं जातात.