अनर्थदंडविरती आणि मनाचे आरोग्य
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यान)



श्रावकाच्या बारा व्रतांपैकी अहिंसा, सत्य, अचौर्य ही व्रते सर्वांच्या परिचयाची आहेत. अनर्थदंडविरती या गुणव्रताकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ज्या प्रवृत्तीतून कोणतेही प्रयोजन साधत नाही आणि तरीही आत्म्याला पापाचे ओझे वाहावे लागते, तो अनर्थदंड. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. मनात दुसऱ्याचे वाईट चिंतणे हे अपध्यान. मन कलुषित करणारे ऐकणे ही दुःश्रुती. विनाकारण स्वतः भटकणे आणि दुसऱ्याला भटकायला लावणे याचा समावेश आचार्यांनी प्रमादचर्येत केला आहे. रात्री अकरा वाजता अंथरुणावर पडून एकामागून एक रील पाहणारा आणि त्यातली एखादी न वाचता, न तपासता चार ग्रुपवर पुढे पाठवणारा मनुष्य नेमके काय करीत असतो? पायांनी भटकत नाही एवढेच. मनाने तो भटकतच असतो आणि इतरांनाही भटकवीत असतो.

ही भटकंती केवळ मनाच्या दुबळेपणातून घडते असे मात्र नाही. तिच्यामागे हेतुपूर्वक केलेली रचना आहे. पूर्वी पान संपले की वाचणारा थांबत असे. २००६ साली अझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने पान कधीच संपू नये अशी सोय तयार केली. तिच्या दुष्परिणामांबद्दल पुढे त्यानेच जाहीरपणे खेद व्यक्त केला. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकवर 'लाइक'चे बटण आले आणि माणसाला मिळणारी शाबासकी आकड्यांत मोजली जाऊ लागली. वापरणाऱ्याचे लक्ष जितका वेळ खिळून राहील तितकी जाहिरातींची मिळकत अधिक, हे या व्यवसायाचे गणित आहे. ज्या मजकुराने राग, मत्सर किंवा भय उफाळून येते, त्यावर बोट जास्त काळ थांबते. म्हणून तोच मजकूर पुन्हा पुन्हा समोर येतो. कषाय शांत व्हावेत ही धर्माची दिशा आहे. कषाय जागे राहावेत यात या बाजाराचा लाभ आहे.

त्याचे परिणाम आता नोंदले गेले आहेत. इन्स्टाग्राममुळे दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी असलेला न्यूनगंड वाढतो, असा निष्कर्ष फेसबुक कंपनीच्याच अंतर्गत पाहणीत निघाला होता. ती कागदपत्रे सप्टेंबर २०२१ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने उघड केली. निष्कर्षाचा अर्थ एकांगी लावला गेला, असे कंपनीचे म्हणणे होते. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी मे २०२३ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात, दररोज तीन तासांहून अधिक काळ या माध्यमांवर घालवणाऱ्या किशोरांत नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट आढळल्याचे नमूद केले. मोबाइलमुळे नैराश्य येते, की मुळात एकटे पडलेले मूलच मोबाइलकडे अधिक वळते, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. दोन्ही गोष्टी एकमेकींना पोसतात, असे मानणेच विवेकाचे ठरेल. झोप मोडते, मैदान सुटते, घरातला संवाद आटतो, हे तर प्रत्येक घराला दिसते आहे.

या दोषातून धार्मिक समाजही सुटलेला नाही. दशलक्षण पर्वात दहा उपवास करणाऱ्याची अनुमोदना करणे हे पुण्यकार्यच आहे. परंतु पारण्याचा फोटो टाकून किती जणांनी 'लाइक' केले हे रात्री मोजत बसावे लागत असेल, तर कषाय कृश करण्यासाठी केलेल्या तपातून मानकषायच पुष्ट झाला. आणि त्याच ग्रुपवर एखादी अशी मुलगी असते, की जिला प्रकृतीमुळे एकाशनही झेपले नाही. ती ते फोटो एकामागून एक पाहते आणि आपण कुठेच नाही, असे तिला वाटू लागते. परीक्षेचे गुण, परदेशातील नोकरी, थाटाचा विवाह यांचेही असेच आहे. दुसऱ्याच्या आयुष्यातील निवडक सुखाचे क्षण आणि स्वतःचे चोवीस तास यांची तुलना केली, तर मनाच्या वाट्याला दुःखच येणार.

मग मोबाइल फेकून द्यावा काय? श्रावकधर्म एकदम सर्वत्याग सांगत नाही; तो परिमाण सांगतो, मर्यादा सांगतो. भोगोपभोग-परिमाण व्रताचा आशय हाच आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला १४३ विद्यार्थ्यांवरील प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. त्यातील एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट यांचा वापर प्रत्येकी दिवसाला दहा मिनिटांवर आणला. त्या गटातील एकटेपणाची आणि नैराश्याची भावना नेहमीप्रमाणे वापर करणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाली.

ही मर्यादा एकट्याने पाळणे कठीण. सर्वांनी मिळून पाळली तर ती सोपी होते. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. तेथील ग्रामस्थांनी ऑगस्ट २०२२ मध्ये एक निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजे आणि साडेआठपर्यंत घरोघरी दूरदर्शन संच व मोबाइल बंद राहत. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे, हा त्यामागील हेतू होता. जैन घराला असा भोंगा नवा नाही. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. तेवढा वेळ साऱ्या घराने मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला, तर सामायिकही घडेल आणि मनाला विसावाही मिळेल. मात्र त्याची सुरुवात आजी-आजोबांनी आणि आई-वडिलांनी करावी. वडील स्वतः जेवताना मोबाइल पाहत असतील, तर त्यांचा उपदेश मुलाच्या कानापर्यंतही पोहोचत नाही.

येथे एका गोष्टीचे भान ठेवणे अत्यावश्यक आहे. सामायिक हे मनाला बळ देते; ते औषधोपचाराला पर्याय नव्हे. मूल सतत उदास राहत असेल, जेवण-झोप सुटली असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ते पूर्वकर्माचे फळ म्हणून गप्प बसणे ही उपेक्षा आहे. पुढे विवाह जुळताना अडचण येईल, समाज काय म्हणेल, या भीतीने आजार लपवला जातो आणि तो वाढतो. ताप आल्यावर ज्या सहजतेने डॉक्टरांकडे जातात, त्याच सहजतेने मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक मंदिराच्या सूचनाफलकावर लावण्यात कोणताही कमीपणा नाही.

क्षमावाणीच्या दिवशी एकच संदेश एका क्षणात तीनशे जणांना जातो. पण ज्या सख्ख्या भावाशी वर्षभर अबोला आहे, त्याच्या दारापर्यंत पाऊल जात नाही. ज्यांच्या श्रमांतून ही संस्था पन्नास वर्षे उभी राहिली, ते कार्यकर्ते घरोघरी जात, ओसरीवर बसत, सुखदुःख विचारीत. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने रोज ४८ मिनिटांचा नियम घ्यावा आणि वाचलेल्या वेळातून आठवड्याला एका तरी घरी जाऊन चौकशी करावी. कोणाच्या घरात कोण एकटे पडले आहे, हे मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही. ते दारात गेल्यावरच कळते.

जय जिनेंद्र.