जमिनीचा निवाडा

वाळवंट म्हटले, की पावसाचा अभाव एवढेच कारण मनात येते. परंतु किती पाऊस पडला, यापेक्षा त्यातील किती पाणी मुळांच्या हाती लागले, हे वनस्पतीच्या दृष्टीने अधिक मोलाचे असते. आणि हा निवाडा मेघ नव्हे, जमीन करते. याची साक्ष थरच्या वाळवंटाइतकीच वाराणसीही देते.

वाराणसीस वर्षाकाठी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. येथे गंगा उत्तरवाहिनी होऊन वळण घेते. वळणाचा बाहेरचा, पश्चिमेचा काठ चिकणमातीचा व चुनखडीच्या खड्यांचा, उंच आणि टणक. घाट उभे आहेत ते त्याच्या आधाराने. आतल्या, पूर्वेच्या काठाशी प्रवाह मंदावतो व वाळू टाकतो. पूर ओसरला, की तेथे काही महिन्यांचे वाळवंटच पसरते. वरची वाळू तापते, परंतु तो कोरडा थरच खालच्या ओलीचे पांघरूण होतो. कांस नावाचे उंच गवत व झाऊची झुडपे खोल मुळांनी ती ओल गाठतात. गंगेच्या पात्रातील अशा वाळूत शेतकरीही खड्डे खणतात, खत घालतात आणि कलिंगडे, काकड्या पिकवितात.

थरमध्ये हाच नियम चालतो. जैसलमेरला वार्षिक पाऊस सुमारे २०० मिलिमीटरच. तरी वाळूच्या टेकड्यांवर फोगाचे झुडूप तग धरते, कारण पडलेले थोडे पाणी उन्हाच्या आवाक्याबाहेर खोल मुरते. सखल, खारट भूमीवर मात्र क्षार सोसणाऱ्या वनस्पतीच उरतात.

उलट, जौनपूर, आझमगढ या वाराणसीच्या आसपासच्या जिल्ह्यांत ‘ऊसर’ जमिनी आढळतात. महाराष्ट्रातील शेतकरी अशा जमिनीस चोपण म्हणतो. तिच्यातील सोडियममुळे चिकणमातीचे कण विस्कटतात, छिद्रे बुजतात. पावसाचे पाणी वर साचते आणि मुळे तहानलेलीच राहतात. भरपूर पावसाच्या प्रदेशात मातीने घडविलेले हे वाळवंट होय.

वनस्पती व तिची भूमी यांच्या अशा नात्याचा अभ्यास काशी हिंदू विद्यापीठात प्रा. रामदेव मिश्र यांनी रुजविला. लीड्स विद्यापीठातून १९३७ साली पीएच.डी. मिळवून आलेले मिश्र भारतीय परिसरविज्ञानाचे जनक मानले जातात.

चोपण जमीन कायमची शापित नसते. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते, मग पाणी देऊन क्षार धुऊन काढले, की तेथे भात उभा राहतो. मात्र त्याआधी मातीची परीक्षा हवी. ती न करता सर्वत्र एकच रोप लावणाऱ्याचे श्रम वाया जातात, आणि दोष मात्र पावसाच्या माथी बसतो.